कडेवरचं मूल आणि कमरेतली ताकद

दोन वर्षांच्या मुलाचं वजन साधारण ११-१२ किलो भरतं, चार वर्षांच्याचं १५-१६. हे ओझं जमिनीवरून, पलंगावरून, पाळण्यातून, स्कूटरच्या सीटवरून दिवसभर उचललं जातं. कधी अर्धवट झोपेत, कधी फोन कानाशी धरून, कधी दुसऱ्या हातात दप्तर असताना. तालमीत एवढं वजन हातात देण्याआधी वस्ताद उभं कसं राहायचं ते शिकवतात. घरात ते कुणी शिकवत नाही. म्हणून लहान मुलांच्या आईबापांच्या व्यायामाचा विचार वजनकाट्यापासून सुरू करू नये असं मला फार वाटतं. या शरीराला आज कोणतं काम पडतंय आणि त्या कामाला ते पुरं पडतंय का, हे आधी बघावं. मांडी घालून बसलेल्या आईला मूल कडेवर घेऊन, हात न टेकता उठता येत असेल, तर तिच्या पायांत आणि कमरेत पुरेशी ताकद आहे. येत नसेल, तर रोज तासभर चालूनही ती आपोआप येणार नाही.

‘वेळच मिळत नाही’ ही तक्रार खरी आहे, तिला आळसाचं नाव देणं अन्यायाचं आहे. पण वेळ अगदीच नसतो असंही नाही. तो तुकड्यातुकड्यांनी येतो आणि कुठला तुकडा कधी तुटेल ते सांगता येत नाही. मूल झोपलंय म्हणून सतरंजी अंथरावी आणि पाचव्या मिनिटाला रडण्याचा आवाज यावा, हे रोजचं आहे. अशा घरात ‘सकाळी ६ ते ७ व्यायाम’ हा बेत आठवडाभरही टिकत नाही, आणि तो मोडला की माणूस स्वतःलाच दोष देत सगळंच सोडून देतो. तेव्हा व्यायाम असा निवडावा की मध्येच थांबवावा लागला तरी तोवर केलेलं वाया जाऊ नये. याला शास्त्राचाही आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करावी. ती सलग किमान १० मिनिटं झाली तरच धरायची, ही जुनी अट या सूचनांत नाही. चार मिनिटं चढलेले जिनेही हिशेबात येतात. त्याच सूचनांत आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा असंही म्हटलंय, आणि नेमकं तेच ‘आम्ही रोज चालतो की’ म्हणणाऱ्यांकडून राहून जातं.

आधी उचलण्याबद्दल. मुलाच्या अगदी जवळ जायचं, इतकं की ते आपल्या दोन पावलांच्या मध्ये येईल. एक पाऊल किंचित पुढे. कुल्ले मागे ढकलत गुडघे वाकवायचे, पाठ सपाट ठेवायची. मुलाला आधी छातीशी ओढून घ्यायचं आणि मग श्वास सोडत पायांच्या जोरावर उठायचं. वळायचं असेल तर पावलं वळवायची, कंबर पिळायची नाही. बहुतेकजण नेमकं उलट करतात. पाय जागेवर, गुडघे ताठ, हात लांब करून वाकतात आणि उचलता उचलता बाजूला वळतात. ओझं कण्यापासून जितकं लांब, तितका ते तोलून धरायला पाठीच्या स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो, म्हणून तेच १२ किलोचं मूल हातभर अंतरावरून उचलताना कमरेला कितीतरी जड जातं. मूल जमिनीवर झोपलेलं असेल तर एक गुडघा टेकायचा, मुलाला दुसऱ्या मांडीवर घ्यायचं, तिथून छातीशी, आणि मग पुढच्या पायावर भार देऊन उठायचं. पाळण्याचा कठडा खाली होत असेल तर तो दर वेळी खाली करायचा. त्याला लागणारे दोन सेकंद कमरेच्या भल्यासाठी आहेत. कडेवर घ्यायची बाजूही ठरलेली असते, बहुतेकांची डावी, कारण उजवा हात कामाला मोकळा हवा असतो. त्या बाजूचं कुल्ल्याचं हाड बाहेर काढून उभं राहायची सवय लागते आणि मग एकाच बाजूची कंबर धरते. खोली बदलली की बाजू बदलायची, एवढा नियम केला तरी पुष्कळ फरक पडतो.

हातांचंही एक दुखणं आहे. बाळ चार-सहा महिन्यांचं होता होता कितीतरी आयांचं, आणि सांभाळणाऱ्या आजींचंही, अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखायला लागतं. बाटलीचं झाकण फिरवताना, ओला कपडा पिळताना तिथे कळ येते. अंगठा बाहेर ताणून, बाळाच्या दोन्ही काखांत पंजे घालून दिवसातून कितीदा तरी उचलल्याने हे होतं. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा मनगटापाशी एका अरुंद वेष्टनातून जातात. त्या तिथे घासतात आणि वेष्टन सुजतं. डॉक्टर याला डी क्वेर्वेनचं दुखणं म्हणतात. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला हळू झुकवून बघा. अंगठ्याच्या बाजूला लख्ख कळ आली तर बहुधा तेच. उपाय उचलण्याच्या पद्धतीत आहे. अंगठा बोटांना चिकटवून ठेवायचा, तळवे वर करून एक हात बाळाच्या ढुंगणाखाली आणि दुसरा पाठीखाली घालायचा, आणि भार मनगटावर न घेता कोपरापर्यंतच्या हातावर घ्यायचा. दूध पाजताना हाताखाली उशी घ्यायची. फोनवर त्याच अंगठ्याने टाइप करणं काही दिवस कमी करायचं. तीन-चार आठवड्यांत उतार पडला नाही तर अंगठ्याला आधार देणारा पट्टा लागतो आणि तो डॉक्टरांना दाखवूनच घ्यावा.

बाळंतपणानंतरच्या व्यायामाबद्दल आपल्याकडे दोन टोकं दिसतात. काही घरांत सव्वा महिना अंथरुणातून उठू देत नाहीत, तर कुठे तिसऱ्या महिन्यातच पोट कमी करायच्या व्हिडिओंमागे लागून सिट-अप्स सुरू होतात. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या रेषेपासून बाजूला सरकतात, आणि सगळ्यांचेच लगेच जवळ येत नाहीत. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, डोकं जरासं उचला आणि बेंबीपाशी बोटं आडवी ठेवून चाचपून बघा. दोन महिन्यांनंतरही दोन बोटांपेक्षा रुंद खाच लागत असेल, किंवा डोकं उचलताच पोटाच्या मध्यावर लांबट उंचवटा येत असेल, तर सिट-अप्स, दोन्ही पाय एकदम उचलणं आणि जोर तूर्तास बंद. त्याऐवजी पाठीवर झोपून, श्वास पूर्ण सोडत बेंबीखालचा भाग आत घ्यायचा आणि एकेक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करायचा. दोन्ही पायांनी १०-१० वेळा. तो उंचवटा दिसायचा थांबला की पुढे जायचं. पोट बांधल्याने आधार वाटतो आणि सुरुवातीला तो हवाही असतो, पण पट्टा स्नायूचं काम करतो, स्नायू घडवत नाही. सिझेरियन झालं असेल तर हळूहळू चालणं लवकर सुरू करतात. वजन उचलायचा व्यायाम मात्र साधारण सहा आठवड्यांनी, डॉक्टरांनी टाके तपासल्यावर. धावणं आणि दोरीच्या उड्या तीन महिन्यांच्या आत नकोत.

शिंकताना, खोकताना, मुलामागे धावताना लघवीचे थेंब येणं हे ‘मुलं झाली की असंच’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. त्यावर व्यायाम आहे आणि त्याने खरोखर बरं वाटतं. लघवी आणि वायू दोन्ही रोखताना जे स्नायू आकसतात ते वर खेचून धरायचे, मोजून ५ ते १० सेकंद, आणि तेवढाच वेळ सैल सोडायचे. असं किमान ८ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट, मांड्या, कुल्ले ताठ करायचे नाहीत आणि श्वास चालू ठेवायचा. प्रत्यक्ष लघवी करताना ती अडवून सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं न व्हायची सवय लागते. हा व्यायाम बसल्या जागी, लोकलमध्ये, मूल थोपटतानाही होतो. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा या विषयातल्या फिजिओथेरपिस्टना दाखवायचं, त्यात लाजायचं काहीच नाही.

आता तुकड्यातुकड्यांत बसणाऱ्या व्यायामाबद्दल. माझ्या मते सूर्यनमस्काराइतकी आईबापांच्या दिवसाला जुळणारी गोष्ट दुसरी नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, ते संस्थानातल्या शाळांत सक्तीचे केले आणि महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवले. त्यांना जागा लागते ६ फूट बाय अडीच फूट, साहित्य काहीच नाही. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक नमस्कार आपल्यापुरता पूर्ण असतो. पाचव्याला मूल उठलं तर पाच झाले. उरलेले दुपारी.

पण घाईघाईने घातलेल्या पंचवीस नमस्कारांपेक्षा नीट घातलेले आठ मोलाचे. चुका कुठे होतात ते सांगतो. पहिली, पुढे वाकताना. दिवसभर खुर्चीत बसून मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात, त्यामुळे गुडघे ताठ ठेवून हात जमिनीला टेकवायचा हट्ट केला की सगळा वाक कमरेतून येतो. गुडघे खुशाल वाकवा, पोट मांड्यांना लावा आणि मग जमेल तेवढे पाय सरळ करा. दुसरी चूक साष्टांगाच्या वेळी होते, आणि तीच सगळ्यात महागात पडते. दोन्ही पाय मागे गेल्यावर शरीर डोक्यापासून टाचेपर्यंत एका रेषेत हवं. तिथून खाली येताना बहुतेकजण धपकन पडतात. हातांना, छातीला आणि खांद्यांना जोरांचा सगळा फायदा याच खाली येण्यात असतो. मनात चार मोजत उतरायचं, कोपरं फासळ्यांजवळ. न जमल्यास आधी गुडघे टेका, मग छाती आणि हनुवटी, पण सावकाश. तिसरी, भुजंगासनात हात पूर्ण ताठ करून मान मागे टाकणं. त्याने छाती उघडत नाही, कमरेचा खालचा भाग चेपतो. ओटीपोट जमिनीला टेकलेलं, कोपरं किंचित वाकलेली, नजर समोर. चौथी, पाय पुढे आणताना पाऊल दोन हातांच्या मध्ये पोचत नाही आणि मग माणूस ते हाताने ओढतो. मागचा गुडघा टेकला की पोचतं. पहिल्या नमस्काराला उजवा पाय मागे नेला असेल तर दुसऱ्याला डावा न्यायचा.

श्वासाचं सूत्र सोपं आहे: छाती उघडते तेव्हा आत, पोट दुमडतं तेव्हा बाहेर. गोंधळ झाला तर फक्त श्वास रोखू नका. रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. काचबिंदू, हर्निया, ताजं ऑपरेशन, गरोदरपण यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात नको. मनगट दुखत असेल तर तळव्याच्या टाचेखाली दुमडलेला नॅपकिन ठेवा, मनगटाचा कोन कमी होतो. सुरुवात रोज ४ नमस्कारांनी करावी, दर तिसऱ्या दिवशी एक वाढवत १२ पर्यंत जावं. श्वासाच्या लयीत १२ नमस्कारांना ७-८ मिनिटं पुरतात. १२ सहज व्हायला लागले की संख्या वाढवण्याआधी गती कमी करून बघा. तेच १२ दुप्पट कठीण जातात. रथसप्तमीला सामूहिक कार्यक्रमात सवय नसताना एकदम १०८ घालायचा मोह टाळा. पुढचे चार दिवस मूल उचलता येत नाही, आणि खांदा धरला तर महिना जातो.

सूर्यनमस्कारांत एक गोष्ट मात्र नाही, ओढण्याची. ढकलणं आहे, वाकणं आहे, ताणणं आहे. पण पाठीचे आणि दंडाचे जे स्नायू वस्तू आपल्याकडे ओढतात त्यांना काम पडत नाही. तालमीत ही कसर मल्लखांब आणि दोरखंड भरून काढत. घरात ती भरायला दप्तर पुरतं. मुलाचं जुनं, पण शिवण मजबूत असलेलं दप्तर घ्या, त्यात ५ किलो तांदळाची पिशवी घट्ट बसवा; रिकाम्या जागी चादर कोंबा, नाहीतर वजन आत सरकतं आणि मनगटाला हिसका बसतो. डावा हात जेवणाच्या टेबलावर टेकून पुढे झुका, पाठ टेबलासारखी सपाट. उजव्या हाताने दप्तर उचलून कमरेच्या दिशेने ओढा, खांद्याकडे नाही. वर क्षणभर थांबा, सावकाश सोडा. एकेका हाताने १० वेळा. पुढे मुलाला घेऊन बसलेल्या आईबापांची मान आणि खांद्यांमधली पाठ जी सतत अवघडलेली असते, तिला याने जो आराम मिळतो तो मालिशने मिळत नाही.

बैठकांचंही असंच. देशी बैठकेत खाली जाताना टाचा उचलल्या जातात आणि भार चवड्यांवर येतो. तरुण, सवयीच्या गुडघ्यांना ते छान आहे. पस्तिशीनंतर पहिल्यांदा सुरुवात करणाऱ्यांनी खुर्चीपासून करावी. खुर्चीच्या कडेवर बसा, हात छातीवर घडी करून उठा आणि तीन मोजत परत बसा. १२ वेळा नीट जमलं की खुर्चीच्या जागी मुलांचं छोटं स्टूल, फूटभर उंचीचं. तेही जमलं की पाट. आणि शेवटी जमीन. उंची एकेक पायरी उतरवत गेलं की गुडघे कुरकुरत नाहीत. गुडघा पावलाच्या दिशेनेच वळला पाहिजे. तो आत कलत असेल तर उंची वाढवा आणि तिथेच आठवडा काढा.

या सगळ्याचं गणित आठवड्याला साधारण असं बसतं. दोन दिवस, सलग नको, २० मिनिटं ताकदीची: बैठका, दप्तर ओढणं, ओट्याला किंवा टेबलाला हात टेकून तिरके जोर, आणि दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन ताठ मानेने ४० पावलं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, तीन फेऱ्या. दर फेरीत ‘अजून दोन झाले असते’ अशा बेताने थांबायचं. थकून फॉर्म बिघडेपर्यंत ओढणाऱ्याला दुसऱ्या दिवशी मूल उचलायचं असतं, हे विसरून चालत नाही. तिन्ही फेऱ्यांत १२ सहज झाले की दप्तरात एक किलो वाढवा. बाकीचे दिवस नमस्कार आणि चालणं. वीस मिनिटं एकदम मिळाली नाहीत तर पहिली फेरी सकाळी, दुसरी मूल झोपल्यावर. स्नायूंना चालतं. अट एवढीच, की प्रत्येक तुकडा घरातल्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधलेला हवा, घड्याळाला नाही. कुकर लावल्यापासून तिसऱ्या शिट्टीपर्यंत बाहेरच्या खोलीत दप्तर ओढणं. शाळेची बस गेल्यावर लिफ्टऐवजी जिना. दात घासताना एका पायावर टाच उचलणं, १५ उजवी, १५ डावी. गॅससमोर उभं राहून व्यायाम मात्र नको, लहान मूल पायांत येतं.

मुलांच्या क्लासचा वेळ हा आईबापांच्या आठवड्यातला सगळ्यात दुर्लक्षित खजिना आहे. तबला, कथ्थक, पोहणं, अबॅकस, काहीही असो, ४५ मिनिटं ते तासभर पालक बाहेरच्या बाकावर फोन बघत बसलेले असतात. आठवड्याला असे दोन क्लास धरले तरी ९० मिनिटं होतात. रस्ता फुटका असेल तर इमारतीच्या आवारातच फेऱ्या मारा. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. पुण्यात असाल तर रविवारी सकाळी मुलांना घेऊन पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून या. मुलं धावत चढतात, त्यांना गाठायला लागणारा दम हा उत्तम व्यायाम आहे. जिने चढताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, न शोभेलसा घाम, यांतलं काही जाणवलं तर तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. आपल्याकडे हृदयविकार लवकरच्या वयात गाठतो. चाळिशी आली नाही म्हणून त्याला पित्त समजू नये.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मूल झाल्यावर बऱ्याच घरांत वडिलांचं रविवारचं क्रिकेट टिकतं आणि आईचं संध्याकाळचं फिरणं बंद होतं. भांडण होत नाही, कुणी मुद्दाम करतही नाही. तिचा वेळ ठरलेला नसतो म्हणून तो आधी खर्ची पडतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा: सोमवार, बुधवार, शुक्रवार अर्धा तास तिचा, मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याचा. त्या अर्ध्या तासात मूल पूर्णपणे दुसऱ्याकडे. भूक, शी, रडणं, सगळं. ‘पाच मिनिटं बघतेस का?’ असं विचारायचं नाही. एकट्याने मूल वाढवणाऱ्यांना ही सोय नसते. त्यांनी शेजारच्या एखाद्या कुटुंबाशी आठवड्यातून दोनदा मुलांची अदलाबदल ठरवावी. सोसायट्यांमध्ये हे जमतं, विचारायचा संकोच तेवढा सोडावा लागतो.

रविवारच्या क्रिकेटचाही विषय निघालाच आहे. आठवडाभर खुर्चीत आणि रविवारी रात्री टर्फवर एकदम जीव तोडून एक धाव, यातून पोटऱ्या आणि टाचेमागची कंडरा जाते. मागून कुणीतरी काठी मारल्यासारखं वाटतं आणि वळून बघितलं तर मागे कुणी नसतं, इतकं ते अचानक होतं. पहिल्या षटकाआधी पाच मिनिटं हळू धावणं, पायरीच्या कडेवर टाचा १५-१५ वेळा दोनदा वरखाली, आणि वीस-वीस मीटरच्या चार धावा, प्रत्येक आधीपेक्षा थोडी वेगाने. एवढं केल्याशिवाय मैदानात उतरू नये.

मुलांना व्यायामात घ्या, त्यांना आवडतं. लंगडी, दोरी, पाठीवर बसवून चार पायांचा घोडा. पण पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मनगटाला किंवा पंजाला धरून गोल फिरवणं, झोका देणं, पायरीवरून हाताला धरून वर ओढणं टाळा. कोपराचं हाड जागेवरून सरकतं आणि मूल हात हलवायचाच थांबवतं. उचलायचं ते काखेत हात घालून किंवा धडाला धरून.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण इथे आईबापांची गफलत एकाच जागी होते: मुलाच्या ताटात. उरलेली अर्धी पोळी, तुपाचा वरणभात, दोन घास शिरा, हे टाकवत नाही म्हणून पोटात जातं आणि कुणीच मोजत नाही. मुलाला कमी वाढा, मागितल्यावर परत वाढा. पोळी उरलीच तर दुसऱ्या दिवशी फोडणीची पोळी होते. दुसरी बाजू प्रथिनांची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला साधारण ५० ग्रॅम. दूध पाजणाऱ्या आईला त्याहून जास्त. वाटीभर घट्ट वरणात ६-७ ग्रॅम, एका अंड्यात ६, पेलाभर दुधात साडेसहाच्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांत ७, मध्यम पोळीत ३. सकाळी नुसते पोहे आणि चहा, दुपारी भाजी-पोळी असा दिवस गेला तर संध्याकाळपर्यंत निम्मंही होत नाही. पोह्यांवर मोड आलेली मटकी किंवा नागपूरकरांसारखी हरभऱ्यांची तर्री घातली की न्याहारी भक्कम होते. पोटाचा घेर बेंबीच्या जरा वर, सर्वांत खालची फासळी आणि कुल्ल्याचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून मोजावा. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटरच्या आत असणं बरं.

झोप मोडलेल्या रात्रीनंतर काय करायचं हा रोजचा प्रश्न असतो. पाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर वजनाचा व्यायाम त्या दिवशी नको. तोल आणि लक्ष दोन्ही कमी असतं आणि इजा अशाच दिवशी होते. चार सावकाश नमस्कार, पंधरा मिनिटं चालणं, आणि मूल झोपलं की आपणही झोपणं. तो अर्धा तास व्यायामाच्या खात्यात धरायला माझी अजिबात हरकत नाही.

आणि खंड पडणारच. मुलाला ताप, मग आपल्याला, मग परीक्षा, मग गावाकडचं लग्न. आठवडाभराचा खंड असेल तर आधीच्या दोन-तृतीयांश संख्येपासून सुरू करा. दोन-तीन आठवड्यांचा असेल तर निम्म्यापासून, आणि दप्तरातून दोन किलो काढून. डेंग्यू किंवा चिकनगुनियानंतर नाडी आणि भूक जागेवर येईपर्यंत फक्त चालणं, तेही घरातल्या घरात. चिकनगुनियात सांधे महिनोन्‌महिने कुरकुरतात, तेव्हा बैठका परत खुर्चीपासून सुरू करायच्या आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत जायला लागला की मगच स्टुलावर उतरायचं.